सोपा झालेला वेग

गेल्या काही वर्षांत नागपूरचे रस्ते रुंद झाले, सिमेंटचे झाले आणि उड्डाणपुलांमुळे चौकांचा अडथळाही पुष्कळ ठिकाणी उरला नाही. शहराजवळच शिवमडका येथे समृद्धी महामार्गाचा आरंभ होतो. या महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी अखेरचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. सपाट प्रदेशात ताशी १२० किलोमीटरची मुभा देणारा हा मार्ग आहे. सरळ आणि मोकळा रस्ता समोर दिसला की पाय जड होणे हा तरुण रक्ताचा धर्मच आहे. त्या जड पायाचा आवाज रुंद रस्त्यांच्या कडेला राहणाऱ्या नागरिकांना मध्यरात्री ऐकू येतो. आजवर आपण या गोष्टीकडे केवळ पोलिसी बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून पाहिले. तो तेवढाच नाही. रस्त्याबरोबर मोटारही बदलली आहे, आणि तिच्यातील बदल समाजाच्या, शासनाच्या व पालकांच्या ध्यानात अद्याप पुरतेपणी आलेला नाही.

हा बदल म्हणजे स्वयंचलित गिअर. अ‍ॅम्बॅसडर आणि फियाट यांच्या काळात मोटार शिकणे म्हणजे मुख्यतः क्लच शिकणे होते. क्लच सोडण्याची घाई केली की मोटार आचका देऊन बंद पडे. गिअर चुकला की आतून दात घासल्याचा आवाज येई आणि शेजारी बसलेला उस्ताद कपाळावर आठ्या घाली. दोन पाय आणि दोन हात यांचा मेळ बसण्यात महिने जात. त्या काळातील मोटारचालक अधिक सज्जन होते असे मुळीच नव्हे. परंतु वेग त्यांना कमवावा लागे, आणि कमवताना त्याची किंमत थोडीफार कळत असे. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओ या लहान मोटारीत कमी खर्चाचा स्वयंचलित गिअर आला, आणि तोवर श्रीमंतांपुरती मर्यादित असलेली ही सोय मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. आज शिक्षकाच्या, बँकेतील कारकुनाच्या आणि निवृत्त अधिकाऱ्याच्या दारात अशी मोटार उभी दिसते. ती सोयीची आहे, गुडघ्याच्या दुखण्याला वरदान आहे आणि गर्दीच्या सीताबर्डीत तिच्यासारखे सुख नाही. या सोयीला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की, कष्ट यंत्राने उचलले तेव्हा त्या कष्टांबरोबर येणारे शिक्षण कोणी उचलले?

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका मध्यरात्रीनंतर रेल्वे स्थानकाजवळच्या रामझुला पुलावर एका मर्सिडीज मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १९ मे रोजी पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका १७ वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या पॉर्शे मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. बाल न्याय मंडळाने प्रथम त्या मुलास ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीवर जामीन दिला, तेव्हा देशभर संताप उसळला. या दोन घटनांतील दोष कोणाचा व किती, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. त्या शर्यती होत्या असेही येथे म्हणावयाचे नाही. परंतु दोन्ही ठिकाणी प्रचंड शक्तीचे आणि केवळ एका पायाच्या दाबाने उसळणारे यंत्र सार्वजनिक रस्त्यावर होते, आणि त्याच्या वाटेत आले ते दुचाकीवरचे देह. या विषमतेचा विचार करण्यासाठी प्रथम ते यंत्र समजून घ्यावे लागेल.

यंत्र काय करते

दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच सुरू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. जुन्या पद्धतीच्या स्वयंचलित गिअरचे रहस्य याच साध्या गोष्टीत आहे. वाऱ्याच्या जागी तेल असते. एक चक्र इंजिनाला जोडलेले असते, दुसरे गिअरला, आणि दोहोंमधले तिसरे लहान चक्र परतणाऱ्या तेलाला अशी दिशा देते की आरंभी मोटारीला मिळणारा जोर वाढतो. या यंत्रणेस टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. तेलाच्या या सांध्यामुळेच ब्रेकवरचा पाय काढताच अशी मोटार, अ‍ॅक्सिलरेटरला स्पर्श न करताही, हळूहळू पुढे सरकू लागते. पुढचे गिअर बदलण्याचे काम सूर्याभोवती ग्रह फिरावेत तशा रचलेल्या दातेरी चक्रांच्या मालिका करतात. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की यंत्रणा आपणहून खालचा गिअर टाकते आणि मोटार उसळी घेते. नवख्या चालकाला ही उसळी अनपेक्षित असते. आणि अनपेक्षित उसळीला घाबरलेला पाय ब्रेकऐवजी पुन्हा अ‍ॅक्सिलरेटरवरच अधिक जोराने पडणे हा अपघाताचा एक परिचित प्रकार आहे.

स्वयंचलित गिअर हे एकच यंत्र नाही, हेही येथे सांगावयास हवे. आपल्याकडील स्वस्त मोटारींत असतो तो बहुधा साधाच गिअरबॉक्स. त्याचा क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम पायाऐवजी एक यांत्रिक हात करतो. काही मोटारींत पट्टा आणि कप्प्या असतात, तर महाग मोटारींत दोन क्लच असतात: एक विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम; त्यामुळे पुढचा गिअर आधीच सज्ज असतो आणि बदल निमिषात होतो. विजेच्या मोटारींत तर बहुतेक वेळा गिअर बदलणेच नसते. चाक फिरण्याच्या पहिल्या क्षणापासून तिचा जवळजवळ सगळा जोर हाती असतो. या सर्व प्रकारांत चालकापुरते साम्य एकच, की वेग वाढवण्यासाठी उजव्या पायाखेरीज कोणत्याही अवयवाची गरज राहिलेली नाही.

वेगाचा खेळ आणि त्याचे नियम

सरळ रेषेतील वेगाचा एक स्वतंत्र खेळ जगात आहे. त्यास ड्रॅग शर्यत म्हणतात. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवे लागतात आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे, अंतर कोण आधी कापतो ते पाहिले जाते. वळण नाही, डावपेच नाहीत. सुटण्याचा क्षण आणि सरळ धाव, एवढेच. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत तरुणांनी सार्वजनिक रस्त्यांवर अशा शर्यतींचा धुमाकूळ घातला. तेव्हा वॉली पार्क्स या गृहस्थांनी १९५१ मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था स्थापन करून हा खेळ रस्त्यावरून बंदिस्त धावपट्टीवर आणण्याचा खटाटोप आरंभला. १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातील ग्रेट बेंड येथे तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. पोरांचा उच्छाद म्हणून ज्याकडे पाहिले जात होते, त्याला नियम, पंच आणि घड्याळ मिळाले.

आता गंमत अशी की, आळशी माणसाची सोय म्हणून ज्याची थट्टा झाली तो स्वयंचलित गिअर या शर्यतीत मानाने बसला. १९३९ मध्ये जनरल मोटर्सने ओल्डस्मोबिलच्या १९४० च्या नमुन्यासाठी हायड्रामॅटिक हा गिअर बाजारात आणला तो घरगुती ग्राहकासाठी. १९५० मध्ये शेव्हरोलेने आणलेला पॉवरग्लाइड हा दोनच वेगांचा साधा गिअरही बाजारहाटाच्या मोटारींसाठी होता. परंतु त्याचे मजबूत केलेले अवतार ड्रॅगच्या पट्टीवर आजही धावतात. कारण उघड आहे. हाताने गिअर बदलताना प्रत्येक वेळी क्षणभर जोर तुटतो आणि माणसाचा हात दर वेळी सारखा पडत नाही. यंत्राचा बदल दर वेळी जवळजवळ सारखा होतो. तो कधी थोडा संथ असेल, परंतु भरवशाचा असतो.

या भरवशाचे मोल ब्रॅकेट नावाच्या शर्यतीत विशेष दिसते. तीत प्रत्येक चालकाने आपली मोटार ते अंतर किती सेकंदांत कापील हे आधी लिहून द्यायचे असते. संथ मोटारीला त्या हिशेबाने आधी सुटण्याची सवलत मिळते. त्यामुळे जुनी घरगुती मोटारही महाग आणि बलाढ्य मोटारीसमोर बरोबरीने उभी राहू शकते. आणि नियम असा की, जाहीर केलेल्या वेळेपेक्षा जो अधिक वेगाने जाईल तो सामान्यतः हरतो. वेगाच्या खेळात अधिक वेगाबद्दल पराभव! येथे विजय मिळतो तो आपले यंत्र आणि आपला हात नेमका ओळखणाऱ्याला. सुटण्याच्या दिव्यांतही हीच शिस्त आहे. पिवळ्या दिव्यांनंतर हिरवा लागतो. त्याआधी चाक हलले तर लाल दिवा लागतो आणि धाव बाद होते. रस्त्यावर लाल दिवा तोडणाऱ्यास शूर समजणाऱ्या आपल्या तरुणांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

शर्यतीच्या पट्टीवर आणखीही पुष्कळ काही असते. धावेपूर्वी मोटारीची तपासणी होते. चालकाच्या डोक्याला शिरस्त्राण व अंगाला पट्टे असतात, दोन्ही बाजूंना भक्कम कठडे असतात, रुग्णवाहिका आणि अग्निशामक सज्ज असतात. धाव संपल्यावर मोटार थांबवण्यासाठी पुढे लांबच लांब मोकळा पट्टा राखलेला असतो. एवढे करूनही माणसे दगावतात. जून २००८ मध्ये स्कॉट कॅलिटा हा नामवंत शर्यतपटू न्यू जर्सीतील एंगलिशटाउन येथे मरण पावला, तेव्हा सर्वांत वेगवान गटांसाठी शर्यतीचे अंतरच १००० फुटांवर आणण्यात आले. ज्यांचे आयुष्य वेगात गेले त्यांना थांबण्याची जागा वाढवावीशी वाटली, ही गोष्ट आपल्या रस्त्यांवरील शूरवीरांना बरेच काही शिकवणारी आहे.

विदर्भाला हे नवे नाही

सरळ रेषेत, घड्याळाच्या साक्षीने, सेकंदाच्या अंशासाठी धावणे ही कल्पना परदेशातून आयात केलेली आहे असे समजण्याचे कारण नाही. विदर्भातील शंकरपट हा दुसरे काय आहे? अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट सर्वदूर प्रसिद्ध आहे. बैलांची जोडी, तिच्यामागे हलकी गाडी, तीवर तोल सावरणारा धुरकरी, आणि कोणत्या जोडीने किती सेकंद घेतले याची गावोगाव महिनोन्महिने चालणारी चर्चा. धुरकऱ्याला आपली जोडी ठाऊक असते. कोणता बैल आधी उसळतो, कोणता शेवटी दम टाकतो, हे त्याने वर्षभराच्या सहवासातून जाणलेले असते. पटाची जागा गावाबाहेर असते. त्याला दिवस ठरलेला, पंच ठरलेले आणि सीमा ठरलेली असते. भर बाजारातून बैल उधळीत नेणाऱ्यास कोणत्याही गावाने धुरकरी म्हटले नसते.

या खेळाचा न्यायालयीन प्रवासही बोधप्रद आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांच्या छळाच्या मुद्द्यावर अशा शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटींसह शर्यतींची वाट मोकळी केली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. शंकरपटाविषयी आक्षेप असणारे आजही आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. येथे मुद्दा वेगळा आहे. लोकांच्या अंगी मुरलेली एक आवड नुसत्या बंदीने संपली नाही. तेव्हा शासनाने नियम केले, परवानगीची पद्धत घातली, जबाबदारी कोणाची ते ठरवले. बैलांच्या शर्यतीसाठी जी दूरदृष्टी आपण दाखवली, ती मोटारींच्या बाबतीत का दाखवू नये?

कायद्याने तर ती वाट आधीच ठेवलेली आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८९ नुसार सार्वजनिक ठिकाणी मोटारींची शर्यत लावणे किंवा तीत भाग घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, आणि पुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. परंतु याच कलमात ‘राज्य शासनाच्या लेखी संमतीविना’ असे शब्द आहेत. म्हणजे संमती मागता येते आणि देता येते. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ या नावाने काही वर्षे ड्रॅग शर्यती भरल्या आणि देशभरातून स्पर्धक आले, तेव्हा राज्यात असे काही होऊ शकते हे सिद्धच झाले आहे. विदर्भातील तरुणाने मात्र वेगाची हौस कोठे भागवावी? अमरावती मार्गावर, की वर्धा मार्गावर?

रस्त्यावरचा हिशेब

घरच्या स्वयंचलित मोटारीने रस्त्यावर शर्यत लावणाऱ्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. पहिली यंत्राची. शर्यतीत ब्रेक दाबून ठेवून त्याच वेळी अ‍ॅक्सिलरेटर देत सुटण्याची एक पद्धत आहे; ती चित्रफितींत पाहून पुष्कळजण घरच्या मोटारीवर करू पाहतात. शर्यतीच्या मोटारीचा गिअर त्यासाठी मजबूत केलेला असतो, तेल थंड ठेवण्याची वेगळी सोय असते, आणि तरीही हा प्रकार क्षणभरच करावयाचा असतो. साध्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये अडलेली सारी शक्ती तेल तापवण्यात जाते आणि जळलेले तेल गिअरबॉक्सचा जीव घेते. यांत्रिक हाताच्या स्वस्त गिअरमध्ये तर क्लचच घासून जातो. शिवाय त्याचा गिअर बदलताना जो झोका बसतो त्यामुळे शर्यत जिंकण्याचीही आशा नसते. कित्येक नव्या मोटारींचा संगणक दोन्ही पायांचा दाब एकदम पडताच इंजिनाची शक्तीच कापतो. वडिलांनी भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या पैशांची अशी राख करण्यात कोणता पुरुषार्थ आहे?

दुसरी गोष्ट गणिताची आहे, आणि ती आठवीच्या विद्यार्थ्यालाही कळेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर कोरड्या रस्त्यावर उत्तम ब्रेक असलेली मोटार थांबेपर्यंत सुमारे ३७ मीटर अंतर जाते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी १२०, केला तर हे अंतर दुप्पट होत नाही. ते ११० मीटरांच्या पुढे जाते, कारण मोटारीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. साधारण घरगुती मोटार पाव मैलाची धाव १७ ते १९ सेकंदांत पुरी करते आणि त्या शेवटी तिचा वेग ताशी १२० च्या आसपास असतो. म्हणजे शर्यत ‘जिंकल्यावर’ थांबण्यासाठी निदान शंभर-सव्वाशे मीटर निर्मनुष्य रस्ता हवा. नागपूरच्या कोणत्या रस्त्यावर, कोणत्या रात्री, तेवढ्या अंतरात एखादा पानठेला बंद करून घरी निघालेला दुकानदार, रात्रपाळीची परिचारिका किंवा दुभाजकावरून उतरणारी गाय असणार नाही, याची हमी कोण देईल?

हा हिशेब केवळ कागदावरचा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मेली. यांपैकी ७१ टक्क्यांहून अधिक मृत्यू अतिवेगाच्या खाती नोंदले गेले. मरणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा दुचाकीस्वारांचा होता. मोटारीतला माणूस पोलादाच्या पेटीत, पट्ट्याने बांधलेला आणि हवेच्या फुग्यांनी संरक्षित असतो. वेगाची मौज त्याची आणि जोखीम दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे. शर्यतीच्या पट्टीवर निदान जो धावतो तोच धोका पत्करतो. रस्त्यावरच्या शर्यतीत ज्याने भागच घेतला नाही असा स्पर्धक मरतो. तिची अनैतिकता येथे आहे.

काय करावयास हवे

पहिली सुधारणा परवान्याच्या परीक्षेत हवी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १५ व्या नियमात चालकाच्या चाचणीचे मुद्दे दिले आहेत. वाहतूक पाहून चटकन खालच्या गिअरवर येणे, उतारावर गिअर उतरवणे, चढावर मोटार मागे न घसरता पुन्हा सुरू करणे अशी कौशल्ये त्यांत आहेत. ती आवश्यकच आहेत. पण ती ज्या मोटारीसाठी लिहिली गेली तिच्यात क्लच होता. स्वयंचलित मोटारीत यांतील पुष्कळ कामे यंत्र करते. तिच्या चालकाची खरी परीक्षा दुसरीकडे आहे. ब्रेक सोडताच पुढे सरकणारी मोटार गर्दीत आवरता येते काय? एकाच उजव्या पायाने दोन्ही पट्ट्या सांभाळण्याची सवय लागली आहे काय? अचानक अडथळा आला असता पाय न चुकता ब्रेकवर पडतो काय? पूर्ण दाबाखाली ती किती उसळते याची त्याला कल्पना आहे काय? हे मुद्दे चाचणीत आणि मोटार शिकवणाऱ्या संस्थांच्या अभ्यासक्रमात स्वतंत्रपणे यावेत.

दुसरी गोष्ट जागेची. नागपूरच्या परिसरात मिहानपासून बुटीबोरीपर्यंत रुंद आणि सरळ जागांची टंचाई नाही. शासनाने पैसा खर्च करावा अशी मागणी येथे मुळीच नाही. तो पैसा शाळांच्या छपरांसाठीच राहू द्यावा. एखादी अल्पवापरातील धावपट्टी किंवा बंद ठेवता येईल असा रस्ता वर्षातून ठरावीक दिवशी, मोटार क्रीडेच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार, आयोजकांच्या खर्चाने आणि विम्याने वापरण्यास लेखी संमती द्यावी. त्यात ब्रॅकेट पद्धतीस प्राधान्य असावे, म्हणजे पैशाच्या जोरावर आणलेल्या परदेशी मोटारीपेक्षा आपली मोटार ओळखणाऱ्या तरुणाला मान मिळेल.

यावर आक्षेप येईल की, हे वेगाला उत्तेजन देणे होय. हा आक्षेप फेटाळून लावण्यासारखा नाही. पट्टीवर धावून आलेला मुलगा परतीच्या वाटेवर तशीच मोटार हाकणार नाही याची खात्री कोणी देऊ शकत नाही. दारू पिऊन मोटार चालवणारा तर अशा पट्टीकडे फिरकणारही नाही. त्याच्यासाठी नाकाबंदी आणि तुरुंग हेच उपाय आहेत. परंतु ज्याला खरोखर वेगाचीच ओढ आहे अशा तरुणापुढे आज दोनच पर्याय आहेत: ती ओढ मारणे किंवा चोरून भागवणे. विशीतील माणूस यांपैकी कोणता निवडतो ते सांगावयास नको. नियमांत धावलेल्या मुलाला निदान एवढे कळते की, कठडे, तपासणी, रुग्णवाहिका आणि थांबण्याचा लांब पट्टा असल्याविना जाणता शर्यतपटू मोटार सुरूही करीत नाही. ज्याला हे कळले त्याला वर्धा मार्गावरची शर्यत शौर्याची न वाटता अडाणीपणाची वाटू लागेल. पट्टी देताना रस्त्यावरील कारवाई सैल होता कामा नये. उलट, कायदेशीर जागा उपलब्ध असताना रस्ता वापरणाऱ्यास कोणतीही सबब राहणार नाही.

तिसरी जबाबदारी घराची आहे. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने मोटार चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा मालक दोषी मानला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु कायद्याची वेळ येते ती कोणाच्या तरी दारात तिरडी बांधल्यावर. बैल गेला नि झोपा केला, असली ही जागरूकता काय कामाची? पूर्वी मुलाच्या हाती मोटार देण्याआधी त्याला ती चालवता येते काय हे पाहावे लागे, आणि त्याचे उत्तर क्लचच देत असे. आता मोटार कोणालाही ‘येते’. चौदा वर्षांच्या मुलालाही ती चालू करून पळवता येते. म्हणूनच किल्ली कोठे ठेवावी, हा आजच्या घरातील शिस्तीचा खरा प्रश्न झाला आहे.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनाही येथे वाव आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील गतिज ऊर्जेचे सूत्र फळ्यावर लिहून पुसण्यापुरते न ठेवता, शाळेच्या मैदानावर चुन्याच्या दोन रेघा मारून ताशी ६० आणि ताशी १२० वेगाने थांबण्याची अंतरे मुलांना चालून पाहावयास लावावीत. सदतीस पावले आणि एकशे दहा पावले यांतील फरक पायांना कळला की तो निबंध लिहून कळण्यापेक्षा अधिक काळ टिकेल. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आपल्या मित्रमंडळींत रात्रीच्या शर्यतीचे कौतुक करणे थांबवले, तरी अर्धी शर्यत तेथेच संपेल. कारण बघे नसतील तर रस्त्यावर शौर्य गाजवावेसे फारसे कोणाला वाटत नाही.

यंत्राने माणसाचे कष्ट कमी करावेत, हे योग्यच आहे. गिअर टाकण्याचे, क्लच सांभाळण्याचे काम त्याने उचलले, त्याबद्दल त्याचे आभार मानावेत. परंतु समोरच्या माणसाचा जीव ओळखण्याचे काम उजव्या पायाच्या मालकाकडेच राहिले आहे, आणि ते त्याला शिकवण्याची जबाबदारी परिवहन कार्यालयाची, शाळेची आणि घराची आहे. शासनाने चाचणीचे नियम पुन्हा तपासावेत, वेगाच्या हौसेला रस्त्याबाहेर जागा द्यावी आणि रस्त्यावर तिला क्षमा करू नये. रात्रपाळी संपवून पुलावरून दुचाकीने घरी परतणाऱ्या माणसाला शहराकडून एवढीच अपेक्षा आहे, आणि ती पुरी करणे नागपूरला मुळीच अशक्य नाही.